पावणेदोन युनिटांची जहागीर

कोकणात आगोटीची बेगमी ही काही नवलाची गोष्ट नाही. मे महिना उलटायच्या आत कोकमे बरण्यांत, पापड डब्यांत, सुकी मासळी फडताळात आणि लाकूडफाटा पडवीत जाऊन पडतो, आणि हे सारे घरातल्या बायका कसलाही गाजावाजा न करता पार पाडतात. माझ्या वाट्याला आलेली बेगमी विजेची आहे, आणि ती एकटीच मला पुरून उरली आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आदळले आणि आमच्या दापोली-मंडणगड पट्ट्यातले खांब, तारा आणि माडपोफळी एकमेकांत गुंतून आडव्या झाल्या. कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. पुढच्याच वर्षीच्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याकिनाऱ्याने गुजरातकडे गेले आणि जाता जाता आम्हालाही आठवण देऊन गेले. त्यानंतर आमच्या आळीत इन्व्हर्टर असावा असा ठराव झाला, आणि ठराव झाल्यावर बाकीच्यांनी माझ्याकडे पाहिले.

बारा व्होल्टची, दीडशे अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी दोन माणसांनी धापा टाकत ओटीवर आणून ठेवली. “आता आयुष्यभराची चिंता मिटली, पाणी तेवढे बघत जा,” असे म्हणून दुकानदार बिल देऊन गेला. मी रिकामपणी हिशेब केला. बारा गुणिले दीडशे म्हणजे अठराशे वॅट-तास, म्हणजे कागदावर पावणेदोन युनिटांच्या जरा वर वीज. त्यातली काही इन्व्हर्टर स्वतःच खाणार आणि काही बॅटरीच्या तब्येतीसाठी शिल्लक ठेवावी लागणार. बिलाच्या दराने जी वीज वीसेक रुपयांतही यावी, ती साठवून ठेवण्यासाठी मी वीस हजारांच्या वर रक्कम मोजली होती. हा हिशेब मी घरात कोणालाही सांगितलेला नाही.

बॅटरी ठेवायची कुठे, यावर पहिला तंटा झाला. आईने देवघराशेजारचा कोनाडा सुचवला होता, पण चार्ज होताना या बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि जवळपास समई किंवा निरांजन असून चालत नाही. देव हलणार नाहीत हे उघडच होते. त्यामुळे माझी आरामखुर्ची हलली आणि बॅटरी खिडकीपाशी हवेशीर जागी विराजमान झाली.

मग पाण्याचे प्रकरण. बॅटरीच्या माथ्यावर सहा कप्प्यांची सहा झाकणे असतात आणि प्रत्येकात एक लाल तरंगती काडी असते. ती खाली गेली की डिस्टिल्ड वॉटर घालायचे. नळाचे किंवा विहिरीचे पाणी घातले तर त्यातले क्षार आतल्या प्लेटींचा सत्यानाश करतात. इतके साधे शास्त्र आहे, पण आमच्या आळीत शास्त्राला मतदानाने उत्तर देतात. एका काकांच्या मते पागोळीचे पाणी उत्तम, कारण ते थेट आकाशातून येते. वहिनींनी फ्रिजमधला बर्फ वितळवून बाटली भरून आणली. मी सर्वांचे आभार मानले, बाटली तुळशीत रिकामी केली आणि बॅटरीच्या दुकानातून कॅन आणला. गुडघे टेकून, चष्मा कपाळावर सरकवून, सहा भोकांत नरसाळ्याने थेंबथेंब पाणी घालणाऱ्या माणसाला मागून आलेला पाहुणा “काही पूजा चालली आहे का?” असेच विचारतो.

लाईट गेली की खरा दरबार भरतो. आमच्या दोन पंख्यांना आणि चार एलईडी दिव्यांना ही बॅटरी सहज सहा-सात तास पुरावी, पण ती आमच्या एकट्यांची राहतच नाही. एक्स्टेन्शन बोर्डावर आळीतले मोबाईल रांगेने लागतात, आणि कोणाचा चार्जर कोणता यावरून होणाऱ्या वादांचा निवाडा मलाच करावा लागतो. कोणीतरी मिक्सर घेऊन येते. “नुसते वाटण आहे, मिनिटभराचे,” असे म्हणत मिक्सर लागतो, इन्व्हर्टर किंचाळतो, घर अंधारात बुडते, आणि अंधारातून “हा कंपनीचाच दोष” असा निर्णय ऐकू येतो. विहिरीवरचा पंप तर यावर चालणे शक्यच नाही, त्यामुळे पंख्याखाली बसून घाम वाळवावा आणि मग रहाटाने पाणी ओढून पुन्हा तेवढाच गाळावा, अशी आमची आधुनिक व्यवस्था आहे. चिरंजीवांचा वायफायचा डबा मात्र अखंड मिचमिचत असतो; नाक्यावरच्या पेटीची वीज गेल्यामुळे त्यात इंटरनेट नसते, ही बाब वेगळी.

पैशाची बेगमीही मी अशीच करून ठेवली होती. मोबाईल गच्च चार्ज होता, यूपीआय होते, शिवाय इंटरनेट नसताना *९९# फिरवून पैसे देता येतात हे ज्ञानही होते. त्या सोयीला इंटरनेट लागत नाही, पण मोबाईलची रेंज लागते, आणि टॉवरची बॅटरी माझ्या बॅटरीच्याही आधी मान टाकते. वाण्याकडे पाचशेची नोट काढली तर त्याने ती उलटसुलट पाहून परत दिली आणि सुटे मागितले. शेवटी आईच्या पोह्यांच्या डब्यातून दहा-वीसच्या नोटा निघाल्या. त्यांना हिंगाचा वास येत होता, पण वाण्याने त्या हुंगूनही पाहिल्या नाहीत.

या सगळ्याला विटून शेजारच्या गुरुजींनी मला स्पष्ट सांगितले की तुमची ही जुनी विद्या आता सोडा. त्यांनी पंतप्रधान सूर्यघर योजनेतून छपरावर तीन किलोवॅटचे सोलर बसवले, ७८,००० रुपयांचे अनुदान खात्यात घेतले आणि शून्याच्या जवळपास आलेले बिल लॅमिनेट करून भिंतीवर लावले. मला मनापासून हेवा वाटला. परवा वादळी पाऊस येऊन गेला, डीपीवर फांदी पडली आणि लाईट गेली. तासाभरात लख्ख ऊन पडले आणि गुरुजींचे छप्पर डोळे दिपतील असे चमकू लागले. तेवढ्यात गुरुजी चार्जर हातात घेऊन आमच्या पायऱ्या चढताना दिसले. बॅटरी नसलेले, लाईनीला जोडलेले सोलर लाईट गेली की आपोआप बंद होते, कारण तसे झाले नाही तर त्याची वीज उलट तारेत जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल, हे त्यांना त्याच दुपारी फिटरकडून कळले होते.

“ऊन आहे, पण वीज नाही,” गुरुजी म्हणाले. “बोर्डावर जागा आहे का?”

मी यादी पाहिली. “वहिनींच्या मिक्सरनंतर तुमचा नंबर.”