राख पडते की गोळी होते?

आमच्याकडे पाहुणा आला की मी त्याला पाणी देते आणि आमचे हे त्याच्या शर्टाचा एक धागा मागतात. पाहुणा इंदूरचा असेल तर हसून देतो. पुढे पोहे-जिलेबी येणार असेल तर इंदूरचा माणूस धागाच काय, अख्खी बाही उसवून देईल. बाहेरगावचा असला की तो आधी माझ्याकडे बघतो. मी स्वयंपाकघरात सटकते. मागून काडी ओढल्याचा आवाज येतो, मग जळका वास, मग निकाल. "राख पडली. सुती आहे. बसा, बसा!" किंवा नुसतंच, खालच्या आवाजात, "गोळी झाली." गोळी झालेल्यांनाही पोहे मिळतात, पण ह्यांचं बोलण्यातलं लक्ष उडालेलं असतं.

परीक्षा खोटी नाही. कापूस, ज्यूट, अंबाडी हे धागे कागदासारखे जळतात आणि मऊ करडी राख सोडतात. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, आणि मागे राहतं ते बोटांत चुरडतं. पॉलिएस्टर मात्र ज्योत जवळ येताच अंग चोरतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि शेवटी त्याची टणक गोळी होते. हे सगळं ह्यांना पाठ आहे, कारण महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटात, म्हणजे आमच्या एम. टी.त, एका दुकानाच्या गादीवर ह्यांची सगळी नोकरी गेली. आणि विकलं काय? टेरिकॉट, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेलं सुती. "आटणार नाही, रंग जाणार नाही, इस्त्रीचं नाव नको, तुमच्यानंतर पोरगा वापरेल," हे वाक्य ह्यांनी झोपेतसुद्धा म्हटलेलं मी ऐकलं आहे. आमच्या लग्नातला ह्यांचा सफारी सूट आजही जसाच्या तसा आहे. पूर्वी हे त्याचं कौतुक होतं, आता तोच त्याच्यावर आरोप आहे.

सगळं बिघडलं ते लेकीमुळे. ती पुण्याहून आली होती. जेवताना सहज बोलून गेली की सिंथेटिक कपडे धुतले की त्यांतून प्लॅस्टिकचे बारीक तंतू सुटतात आणि पाण्यात जातात. ह्यांचा घास हातात राहिला. "म्हणजे मी जन्मभर लोकांना काय नेसवलं?" रात्रभर गृहस्थ झोपले नाहीत. निवृत्त माणसाने प्रायश्चित्त घ्यायचं ठरवलं की ते बायकोकडून घेतलं जातं, हे मला सकाळी कळलं. मोरीतली हिरवी घासणी गेली होती आणि तिथे नारळाच्या शेंडीचा एक पुंजका ठेवला होता.

शेंडीचं मला काही वाटलं नाही. पितळेचं पातेलं तिने छान निघतं. दोन-चार दिवस भांडी घासली की ती मऊ होऊन गळायला लागते आणि आमटीत काड्या सापडतात, इतकंच. ह्यांच्या मते काडी नैसर्गिक असल्याने आमटी बिघडत नाही. गिलकीनेही मला त्रास दिला नाही. आपलं घोसाळं हो, इथे सगळे गिलकीच म्हणतात. मागच्या कुंपणावरच्या वेलावर एक-दोन तशीच वाळू द्यायची, बिया आत खुळखुळल्या की साल काढून झटकायची, आतली जाळी अंग घासायला तयार. ती वापरण्याआधी पाण्यात भिजवून मऊ करायची असते, एवढं एक सांगायचं राहिलं. पहिल्या दिवशी हे आंघोळीहून आले ते पाठ टेकायला जागा शोधत आले.

खरा प्रसंग ओढवला तो दोरीवरून. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायची निळी नायलॉनची दोरी होती. आमच्या लेकीची बाळंतपणाची दुपटी तिच्यावर वाळली, लेकीच्या लेकीचीही वाळली. हे खुर्चीवर चढले आणि त्यांनी ती सोडली. जागी आली काथ्याची. उन्हाळाभर तिने काही कुरकूर केली नाही. मग मृगाचा पहिला पाऊस झाला आणि काथ्याने आपला रंग सोडला. नारळाच्या काथ्यात चहासारखा तपकिरी अर्क असतो, पाणी लागलं की उतरतो. ह्यांच्या पांढऱ्या खादीच्या सदऱ्यांवर खांद्यापासून खांद्यापर्यंत एकेक पट्टा उमटला. म्हणून काथ्या उतरवून सुती दोरी बांधली. सुती दोरी पाणी प्यायली आणि इतकी खाली आली की धुतलेल्या चादरीने अंगण पुसलं. ओल्या कपड्यांनी दोरी ओली होते, ओल्या दोरीवर कपडे वाळत नाहीत. मग पाऊस उघडला की आधी दोरी वाळत घालायची. कशावर, ते विचारू नका.

मी तक्रार केली तर हे वही घेऊन आले. ह्यांची एक वही आहे, तिच्यात पूर्वी उधारी असायची. "अगं, हा दोष नाही, गुण आहे. कोरडा दिसणारा कापूससुद्धा हवेतली ओल धरून ठेवतो, वजनाच्या ८.५ टक्के. ज्यूट १३.७५. लोकर १६च्या आसपास. आणि पॉलिएस्टर? फक्त ०.४! म्हणूनच त्यात घाम टिपला जात नाही."

"अहो, पण मला घाम टिपायचा नाहीये. मला पायपुसणं वाळवायचंय."

पायपुसणं ज्यूटचं होतं. पावणेचौदा टक्के हिशेबाने नव्हे, आपल्या मनाने पाणी पिऊन ते दारात बसलं होतं आणि त्याला बुरशीचा वास येत होता. शेजारी सुती पोछा, तोही ओला. खिडकीत मलमलची भाजीची पिशवी, जिच्यात कोथिंबीर ताजी राहते, कारण पिशवी कधीच वाळत नाही. नव्या केरसुणीवर पांढरी लव आलेली. कपाटात लोकरीची शाल, तिला कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला, आणि पाल्यालाही ऊन दाखवायचं. मालव्यातला श्रावण तुम्हाला ठाऊक आहे का? ऊन येतं ते पोस्टमनसारखं, आपण मोरीत असताना, आणि दार उघडेपर्यंत निघून जातं. तेवढ्यात मी घरातल्या सगळ्या वस्तूंना गच्चीत नेऊन उलटंपालटं करून परत आणायचं. प्लॅस्टिकमध्ये मला एकच गुण दिसायचा, पण तो मोठा होता: ते घरात आहे हे विसरता यायचं. ह्यांच्या नव्या वस्तूंना जीव आहे. त्या पितात, सुजतात, आटतात, त्यांना कीड लागते, त्या रुसतात. मुलं मोठी करून मी मोकळी झाले होते. आता पायपुसण्याचं दुखणं-खुपणं बघते.

मध्येच कुरिअरने बांबूचा टॉवेल आला. मऊ म्हणजे किती मऊ! ह्यांनी लगेच धागा जाळला, करडी राख पडली, आणि ह्यांनी आनंदाने लेकीला फोन लावला.

"बाबा, बांबूचं असं कापड बहुतेक वेळा रेयॉन असतं. लगदा करून कॉस्टिक सोडा, कार्बन डायसल्फाइड, असल्या रसायनांत विरघळवतात आणि मग धागा काढतात."

"पण राख पडली!"

"रेयॉनची राखच पडते, बाबा."

इतक्या वर्षांची परीक्षा अशी फोनवर नापास झाली. हे बराच वेळ टॉवेलकडे बघत बसले. मग त्यांनी त्याला पायपुसण्याच्या जागेवर उतरवलं. दातांच्या ब्रशाचं थोडक्यात सांगते. बांबूच्या दांडीच्या ब्रशाला नायलॉनचे केस निघाले, म्हणून ह्यांनी हट्टाने 'शुद्ध नैसर्गिक' केसांचा मागवला. जाळून पाहिला तर केस जळल्याचा वास. खूश! आमची लेक ज्ञानी. तिने सांगितलं की १९३८ साली नायलॉनचा ब्रश निघेपर्यंत जगात चांगला ब्रश म्हणजे डुकराच्या केसांचा, आणि तुम्ही मागवलाय तो तोच. ह्यांनी सकाळपासून त्यानेच दात घासले होते. संध्याकाळी कडुनिंबाची काडी आली. घरातल्या नायलॉनबद्दल त्यानंतर बरेच दिवस चकार शब्द नव्हता.

गौरी-गणपतीत ग्वाल्हेरहून वन्सं आल्या. त्यांनी मागे मला दिलेली जांभळी रेशमी साडी मी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी मुद्दाम नेसले. सोळा भाज्या झाल्या, पुरण झालं, सवाष्णी जेवल्या, विडा झाला. हे पदराच्या गोंड्याकडे एकटक बघत होते. मी डोळ्यांनी नको म्हटलं. ह्यांनी तोपर्यंत धागा काढला होता.

"दादा, शुद्ध रेशीम आहे हो," वन्सं म्हणाल्या. "दुकानदाराने शपथेवर दिलंय."

"शपथ जळत नाही, धागा जळतो," हे म्हणाले आणि काडी ओढली. सगळं घर वाकलं. सवाष्णी वाकल्या, भटजी दक्षिणा मोजायची थांबवून वाकले. केसांचा वास काही येईना. धाग्याने अंग चोरलं, धूर आला, आणि ह्यांच्या बोटांत मोहरीएवढी काळी गोळी उरली. कोणी काही बोलेना. समईची वात तडतडली तेवढीच.

"दादा," वन्सं अगदी शांतपणे म्हणाल्या, "ही साडी तूच काढून दिली होतीस. तुझ्याच दुकानातून. शपथ घेतली तो दुकानदारही तूच."

भटजींनी पुन्हा दक्षिणा मोजायला घेतली. मी त्या दिवशी वन्संना दोन पुरणपोळ्या जास्त वाढल्या.

त्यानंतर हे जाळायचे थांबले आणि पुरायला लागले. ह्याला कारण आमचं इंदूर. सेंद्रिय शेतीचा सगळ्या जगात बोलबाला करणारे अल्बर्ट हॉवर्ड, ते आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल १९२४पासून इथल्या वनस्पती संशोधन संस्थेत होते. संस्थेला पैसा आला होता तो कापसावरच्या संशोधनासाठी. शेतातला पालापाचोळा, शेण, मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, अधूनमधून उलथवून, तीनेक महिन्यांत खत करायची पद्धत त्यांनी इथे बसवली. तिला जगभर इंदूर पद्धतच म्हणतात. १९३१ साली तिच्यावर पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्डसाहेबांच्या जोडीला यशवंत वाड यांचं नाव आहे. वाड वाचल्यावर ह्यांनी आमच्या दूरच्या नात्यात वाड शोधायला घेतले, सापडले नाहीत. पण उत्साह टिकला. "कापसाचं गाव हे, खताचं गाव हे! खरगोन-खंडव्याचा सेंद्रिय कापूस सगळ्या देशाला जातो, आणि आपण फाटलेलं बनियन कचऱ्याच्या गाडीत टाकतो?"

शहरात आता गाय दिसत नाही, त्यामुळे हे शेणासाठी स्कूटरवर देवास रस्त्याने गावाबाहेर गेले आणि ज्यूटच्या पिशवीतून शेण घेऊन आले. ओलं ज्यूट कमकुवत होतं. हे त्यांच्या वहीत आहे, पण वही घरी होती. पिशवीचा तळ पलासियाच्या सिग्नलला सुटला. देशातल्या सर्वात स्वच्छ शहराच्या चौकात साठीच्या गृहस्थांनी स्वतःच्या रुमालाने रस्ता पुसला. रुमाल अर्थातच सुती.

ढीग झाला मात्र उत्तम. त्यात गेली जुनी बनियनं, गिलकीच्या जाळ्या, पायपुसणं, रंग सोडणारी काथ्याची दोरी, आणि निषेध म्हणून मी टाकलेला बांबूचा टॉवेल. दिवाळीच्या साफसफाईत ढीग उघडला तर काळीभोर भुसभुशीत माती, पावसाचा वास. बनियनं नाहीशी झाली होती. उरल्या होत्या त्यांच्या शिवणी, पॉलिएस्टरच्या दोऱ्याच्या, बनियनाच्याच आकारात. चड्ड्यांची इलॅस्टिकं होती. ९५ सेंटिमीटर लिहिलेलं लेबल तर कोरं करकरीत होतं. आणि काथ्याची दोरी, अख्खी, थोडी काळवंडलेली. काथ्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला टणक करणारं द्रव्य, भरपूर असतं, तो सहजी कुजत नाही.

कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. आमच्या इथे ओला, सुका, प्लॅस्टिक असा सहा खणांचा हिशेब असतो आणि गाडीवरचा मुलगा त्यात चूक होऊ देत नाही. ह्यांनी तगारी पुढे केली. मुलाने काडीने उकरून पाहिलं.

"अंकल, इलास्टिक सूखे में. लेबल प्लास्टिक में. ये धागे..." त्याने बनियनाचा सांगाडा उचलून उन्हात धरला. "ये क्या है?"

"शिवण," हे म्हणाले. "सिलाई. बनियान गल गया, सिलाई रह गई."

"सूखे में." मग त्याने काथ्याची दोरी हातात घेतली, वास घेतला, आणि परत ह्यांच्या हातात दिली. "ये अभी कच्ची है, अंकल. अगले साल देना."

ह्यांना ते शास्त्रीय दृष्ट्या पटलं. दोरी धुऊन घेतली, ती आता वाळत घातली आहे. शेजारच्या काकूंच्या गच्चीत, आमच्याच जुन्या निळ्या नायलॉनच्या दोरीवर. ती मी पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे देऊन ठेवली होती. काकूंची गच्ची ह्यांच्या धोरणात येत नाही.