नव्याचे नऊ सामने

आमच्या फुटबॉल क्लबने नवा मॅनेजर नेमल्याचं मी घरात जाहीर केलं, तेव्हा बायकोने पुस्तकातून डोकंही वर काढलं नाही. "म्हणजे कोटवाले गेले?" एवढंच विचारलं.

कोटवाल्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्यांच्यामागून स्वेटरवाले आले आणि गेले. मग एक हंगामी आले, पण ते इतके थोडे दिवस टिकले की त्यांचा ट्रॅकसूट तिच्या नजरेत भरायलाही वेळ मिळाला नाही. बायकोला ऑफसाइड कळत नाही आणि कळून घ्यायचाही नाही. पण रेषेपाशी उभा असलेला माणूस ती बरोबर हेरते आणि त्याला नाव ठेवते. कोटवाले, स्वेटरवाले, च्युइंगमवाले, 'ते बाटली आपटणारे'. आणि माझा अनुभव असा, की तिने नाव ठेवलं रे ठेवलं, की तो गृहस्थ सहा महिन्यांच्या आत सामान बांधतो.

क्लबचं नाव सांगत नाही. सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग सांत्वन करतो. दोन्ही मला सारखंच लागतं.

नेमणुकीच्या आदल्या रात्री मी विमान बघत होतो. कुणीतरी आमच्या चाहत्यांच्या ग्रुपवर टाकलं होतं की नव्या साहेबांच्या शहरातून एक खासगी विमान उडालंय. झालं! विमानांचा माग दाखवणारं ॲप उघडलं आणि नकाशावरच्या त्या पिवळ्या, माशीएवढ्या विमानाला डोळे लावून बसलो. ते सरळ चाललं की छाती फुगायची, जरा वळलं की धस्स व्हायचं. ग्रुपवर तज्ज्ञमंडळी उंचीवरून अंदाज बांधत होती, "खाली येतंय, नक्की आपल्याकडेच." रात्री दोनच्या सुमाराला ते आमच्या मैदानाच्या शहरावर आलं, आणि तसंच पुढे निघून गेलं. समुद्रापर्यंत. मी तरी अर्धा तास थांबलो, कदाचित परत फिरेल म्हणून. सकाळी कळलं की साहेब दोन दिवस आधीच ट्रेनने येऊन हॉटेलात राहिले होते. त्या विमानात कोण होतं देव जाणे, पण त्याचा प्रवास सुखरूप व्हावा म्हणून मी इतकं कधी कुणासाठी जीव टाकलेला नाही.

मग आला तो फोटो. मॅनेजर मैदानात उभा, दोन्ही हात वर, हातांत ताणून धरलेला क्लबचा मफलर. बंदूक रोखल्यावर माणूस उभा राहतो तसा. चेहऱ्यावर हसू, पण नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला, दार कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेवल्यासारखी. मी स्वेटरवाल्यांचा फोटो काढून शेजारी ठेवून बघितला. माझी खात्री आहे, मफलर तोच आहे. घडीसुद्धा तिथेच. जाणाऱ्याकडून काढून घेत असणार, धुऊन, इस्त्री करून कपाटात, पुढच्यासाठी.

पत्रकार परिषदेत काय बोलणार हे मला पाठ होतं. हा फक्त क्लब नाही, घराणं आहे. आक्रमक खेळू. तरुणांना संधी देऊ. वेळ द्यावा लागेल. हे शेवटचं वाक्य आलं की आम्ही सगळे एकदम शहाण्यासारखी मान डोलावतो आणि फर्ग्युसनची पोथी काढतो. कुठल्याही क्लबचा चाहता असो, ही पोथी त्याला तोंडपाठ असते. नोव्हेंबर १९८६मध्ये ते मॅनेजर म्हणून इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडला आले, पहिलाच सामना ऑक्सफर्डकडून २-० असा हरले, आणि पहिला चषक मिळायला मे १९९० उजाडला. पुढे २०१३पर्यंत लीगची तेरा विजेतेपदं. म्हणून धीर धरा.

मला मात्र या गोष्टीत फर्ग्युसनपेक्षा त्या चादरवाल्याची काळजी वाटते. डिसेंबर १९८९मध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्धच्या सामन्याला एक चाहता घरची चादर रंगवून घेऊन आला होता. तीन वर्षं सबबी ऐकल्या, आता पुरे, निघा, असा त्यावरचा मजकूर. सामनाही हरले, म्हणजे चादर शोभून दिसली. पुढच्या मे महिन्यात त्याच पॅलेसला हरवून त्याच फर्ग्युसननी एफए कप उचलला! तो माणूस त्या रात्री कुठली चादर पांघरून झोपला असेल? मी रंगाचा डबा हातात घेतलेला नाही, पण मोबाइलवर लिहून पुसलेल्या माझ्या ओळी जोडल्या तर सगळं घर झाकेल. पाठवायचं बटण दाबताना दर वेळी तो चादरवाला डोळ्यांसमोर येतो. चूक ठरलो तर?

आणि धीर धरावा, तर तोही कुणावर? याच युनायटेडने फर्ग्युसननंतर डेव्हिड मॉयेसना सहा वर्षांचा करार दिला आणि दहा महिन्यांत घरी पाठवलं. बरं, जिंकून दिलं म्हणजे खुर्ची पक्की होते, असंही नाही. लेस्टरला २०१६मध्ये रानिएरींनी चमत्कार म्हणावा असं विजेतेपद मिळवून दिलं आणि नऊ महिन्यांत त्यांची गच्छंती झाली. टॉटनहॅमचा सतरा वर्षांचा दुष्काळ संपवून पोस्टेकोग्लूंनी २०२५मध्ये युरोपा लीग आणली, तर सोळाव्या दिवशी नारळ! टॉर्की युनायटेडने २००७मध्ये लेरॉय रोझिनियर यांना नेमलं आणि दहाच मिनिटांत क्लबचा मालक बदलला, नोकरी संपली. दहा मिनिटं. आमच्या ग्रुपवर तेवढ्यात फॉर्मेशनवरचं भांडणही संपत नाही.

तर आमचे साहेब. पहिला सामना ३-० जिंकले. ज्या लेफ्ट बॅकला, म्हणजे डावीकडच्या बचावपटूला, आम्ही दोन वर्षं खांब म्हणत होतो, तो वाऱ्यासारखा धावला. ग्रुपवर लोक रडत होते. एका मित्राने, जो आयुष्यात कुणाच्या आनंदात सहभागी झालेला नाही, लगेच लिहिलं की याला काही अर्थ नाही. नेदरलँड्सच्या लीगचे १९८६ ते २००४पर्यंतचे आकडे अर्थशास्त्रज्ञांनी तपासलेत. मॅनेजर बदललेले क्लब सावरतात, आणि तशाच गाळात रुतलेले, न बदललेले क्लबही तेवढेच सावरतात. तळाला टेकलेला चेंडू वरच येणार, म्हणाला. मी त्याला उत्तर दिलं नाही. त्याचं म्हणणं बरोबर असावं असा मला दाट संशय होता, आणि त्या रात्री मला बरोबर असण्यात रस नव्हता.

दुसरा जिंकलो, तिसरा बरोबरीत, चौथा कसाबसा जिंकलो. पाचव्यात खांब पुन्हा खांब झाला. सहाव्या सामन्यानंतर साहेब म्हणाले की गवत लांब होतं आणि कोरडंही, म्हणून चेंडू पळत नव्हता. अंगण वाकडं आहे, एवढंच म्हणायचं राहिलं. सातव्यानंतर ऐकलं की हे खेळाडू मागच्या मॅनेजरने घेतलेत. मागचे म्हणाले होते की त्यांच्या मागच्याने घेतलेत. आमच्या क्लबने खेळाडू नेमका कुठल्या युगात विकत घेतला, हा संशोधनाचा विषय आहे.

तरीही काल नवव्या सामन्याला मी वेळेआधी टीव्हीसमोर होतो. ४०व्या मिनिटाला आम्ही एक गोल खाल्ला. कॅमेरा साहेबांवर गेला आणि त्याच क्षणी बायकोने पुस्तक मिटलं.

मी हातच जोडले. "हे बघ, याला नाव ठेवू नकोस. नऊच सामने झालेत."

"मी कशाला नावं ठेवू? मला बरे वाटतात ते."

"मग बघू नकोस तिकडे."

"नाही बघत." पुस्तक उघडलं. एक पान उलटलं. आम्ही दुसरा गोल खाल्ला, कॅमेरा पुन्हा तिकडेच.

"मी काही म्हणत नाही," ती म्हणाली, "पण हे सारखे घड्याळ का बघतात रे?"