‘नवख्याला अर्धवट ऑटो शिकवू नका’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नव्या डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यावर) कबड्डीचे फोटो कसे काढायचे, या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत. म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप तीन आहेत. कॅनन १५०० डी हा कॅमेरा आणि ५० एमएमची लेन्स हे काही खेळाचे फोटो काढायचं सामान नव्हे. डीएसएलआरचे दिवस संपले, तेव्हा नवख्याला मिररलेसच (आत आरसा नसलेला नवा प्रकार) घ्यायला सांगावं. आणि ऑटो आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील असावा हे कॅमेऱ्यानेच ठरवणं) लावून माणूस काहीच शिकत नाही, आधी सहा महिने पूर्ण मॅन्युअल, म्हणजे सगळे आकडे स्वतः ठरवून, करावं.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं अर्धं म्हणणं मला पटलं. शटर १/८०० सेकंद, अ‍ॅपर्चर २.२ (लेन्सचं तोंड किती उघडं; आकडा लहान तितका उजेड जास्त) आणि आयएसओ ऑटो, असं मी लिहिलं होतं. गावच्या मैदानावर पहिला सामना उन्हं उतरताना सुरू होतो आणि शेवटचा दिव्यांखाली संपतो. त्या मधल्या तासाभरात उजेड इतका झपाट्याने पडतो की नवखा मुलगा आयएसओ बदलत बसला, तर त्याच्या दोन-चार चढाया हुकणारच. तेवढ्या वेळापुरता ऑटो आयएसओ योग्यच आहे. पण अंधार पडून दिवे स्थिरावले की मैदानावरचा एकंदर उजेड बदलत नाही, बदलतो तो फक्त कपड्यांचा रंग. पांढऱ्या जर्सीचा संघ फ्रेम भरून आला की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो आणि चेहरे काळवंडतात. मागे काळोख जास्त आला की तेच चेहरे पांढरेफटक पडतात. तेव्हा दिवे लागल्यावर एक-दोन चाचणी फोटो काढून आयएसओ ३२०० किंवा जो बसेल तो कायम करावा. हे मी लिहायला हवं होतं. मूळ लेखात आजच दुरुस्ती केली आहे.

सहा महिने पूर्ण मॅन्युअल मात्र मला मान्य नाही. नव्या मुलाचे फोटो वाया जातात ते बहुतेक वेळा एक्स्पोजरमुळे (फोटोला मिळणाऱ्या उजेडामुळे) नाही, फोकसमुळे आणि बसायच्या जागेमुळे. माझं पहिलं वर्ष असंच गेलं. मी बाजूच्या रेषेला, मध्यरेषेजवळ बसायचो, कारण तिथून सगळं दिसतं. घरी येऊन पाहावं तर चढाईपटूची पाठ, पकड करणाऱ्याचा खांदा आणि पंचांचे पाय. सगळं दिसणारी जागा आणि फोटोची जागा वेगळी असते, हे कळायला फार वेळ लागला.

पकड बसल्यावर चढाईपटू काय करतो ते आठवा. तो वळतो आणि मध्यरेषेकडे अंग झोकून देतो. म्हणजे त्याचा चेहरा, ताणलेला हात, मागून लोंबकळणारे तिघे, हे सगळं त्याच्या स्वतःच्या अंगणाच्या दिशेला असतं. म्हणून ज्या संघाची चढाई, त्याच्या मागच्या रेषेपलीकडे बसायचं. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, अर्धं अंगण साडेसहा. रेषेपासून दोन मीटर मागे बसलात तर मध्यरेषा साडेआठ मीटरवर येते. तेवढ्या अंतरावर या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरवर ५० एमएमची लेन्स पावणेचार मीटर रुंदीचं दृश्य पकडते. चढाईपटू आणि त्याला धरणारे, बरोबर तेवढेच. अ‍ॅपर्चर २ च्या आसपास ठेवलं तरी स्पष्टतेची खोली (पुढून मागे जेवढा भाग ठळक येतो ती) दोनएक मीटर मिळते.

पहिल्या आक्षेपात लांबच्या झूमबद्दल तुम्ही लिहिलंत. ५५-२५० एमएमची लेन्स दिवसा उत्तम आहे. पण लांब टोकाला ती ५.६ च्या पुढे उघडत नाही. जिथे २.२ ला आयएसओ ३२०० पुरतो, तिथे तिला वीस हजारांवर लागेल, आणि १५०० डी ताणून ताणून १२८०० पर्यंतच जातो. ७०-२०० ची २.८ वाली लेन्स चांगलीच, पण तिची किंमत पाहता पहिल्या कॅमेऱ्याबरोबर ती घ्या असं मी कुणाला सांगणार नाही.

फोकसबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वन शॉट (एकदा फोकस करून थांबणारी पद्धत) सोडून एआय सर्व्हो (हलत्या माणसामागे फोकस फिरवत राहणारी) लावायचं. त्यात फोकस झाल्याची ‘टीप’ वाजत नाही, म्हणून नवी मुलं घाबरून परत वन शॉटवर जातात. जाऊ नका. नऊ फोकस-बिंदूंपैकी फक्त मधला ठेवा आणि कस्टम फंक्शनमधून फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून अंगठ्याखालच्या बटणावर द्या. कुणी मध्ये आडवा गेला की अंगठा उचलायचा. फोकस होता तिथेच थांबतो. बोटांना याची सवय लागायला आठवडे लागतात. ते आठवडे आयएसओच्या आकड्यांत घालवू नयेत, एवढंच माझं म्हणणं.

आता मिररलेस. कॅनन आणि निकॉन दोघांचे शेवटचे अव्वल डीएसएलआर २०२० साली आले, हे खरं. नवे कॅमेरे डोळा ओळखून धरून ठेवतात, हेही खरं, आणि ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावा. पण माझा लेख ज्याच्या हातात आधीच डीएसएलआर आहे त्याच्यासाठी होता. मोठ्या भावाने दिलेला, जुना विकत घेतलेला, बक्षीस मिळालेला. त्याने आज घेतलेली ईएफ माउंटची (कॅननच्या डीएसएलआरला बसणारी) लेन्स उद्या अ‍ॅडॉप्टर लावून कॅननच्या आर या मिररलेस मालिकेवरही चालते, पैसे बुडत नाहीत. १५०० डी सेकंदाला तीनच फ्रेम (फोटो) काढतो आणि त्या कमी पडतात, हेही कबूल. उडी मारणारा गडी दोन फ्रेमच्या मध्ये मीटरभर पुढे गेलेला असतो. म्हणून बटण दाबून धरायचं नाही, खांदा वळताना दिसला की एकदाच दाबायचं. ३० सेकंदांच्या चढाईत असा क्षण एक किंवा दोनदा येतो.

एक गोष्ट तुम्हालाच विचारायची आहे. जुन्या मैदानी दिव्यांखाली १/८०० ला एका फ्रेममध्ये माती पिवळी येते, पुढच्यात तपकिरी. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा मिणमिणतो, आणि १५०० डी मध्ये त्यावर तोड नाही. १/१०० ला रंग सारखे येतात, पण हलत्या हाताचा फराटा होतो. मी सध्या १/५०० वर तडजोड करतो आणि फोटो निवडताना गाळतो. तुम्ही इतकी वर्षं दिव्यांखालचे सामने टिपताय. तुम्ही काय करता?