ठाण्यात लेथलाही जागा ठेवा

परवा सकाळी एक प्लंबर पिशवीत पंपाचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, घेऊन आमच्या वर्कशॉपच्या गाळ्यावर आला. घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीचा. बेअरिंग बसतं तिथे शाफ्ट झिजला होता आणि दोन टॉवरना पाणी नव्हतं. आमच्या कारागिराने त्यावर वेल्डिंग भरलं, लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापणाऱ्या यंत्रावर, चढवून मापात आणला आणि जेवणाच्या सुट्टीआधी प्लंबर परतही गेला. काम छोटंच. पण तेव्हापासून डोक्यात घोळतंय, दहा वर्षांनी हा माणूस ही पिशवी घेऊन कुठे जाईल?

आमचा गाळा वागळे इस्टेटमध्ये आहे. एमआयडीसीची, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची, सुरुवात १ ऑगस्ट १९६२ला झाली ती इथेच. बाबा एका मोठ्या कंपनीत टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे कारागीर, होते. कंपनी बंद झाली, व्हीआरएसचे (स्वेच्छानिवृत्तीचे) पैसे तुकड्यातुकड्याने आले, शेवटचा हप्ता तर मिळालाच नाही. हाती आलं त्यातून त्यांनी एक जुना लेथ घेतला. त्याच लेथवर आमची शिक्षणं झाली.

औद्योगिक शहर उतरणीला लागणं म्हटलं की लोक डेट्रॉइटचं नाव घेतात. १९५०मध्ये तिथे साडेअठरा लाख माणसं होती, २०२०मध्ये जेमतेम साडेसहा लाख उरली. मोटारींचे कारखाने गेले, मागोमाग माणसं गेली, घरं ओस पडली. ठाण्याचं तसं झालं नाही. इथे कारखाने गेले आणि माणसं वाढतच राहिली, कारण जमीन सोन्याची झाली. पोखरण रोडवरची रेमंडची गिरणी १९२५पासूनची, ती २००९मध्ये थांबली, आता त्या जमिनीवर टॉवर आहेत. पडक्या भिंती दिसत नाहीत म्हणून आपण समजतो की शहराचं काहीच बिघडलं नाही. मला हे पटत नाही. हाताने वस्तू घडवणाऱ्या माणसाला शहरात जागा उरत नसेल तर तीही पडझडच आहे.

जर्मनीत ड्युइसबुर्ग शहरात एक लोखंडाचा कारखाना १९८५मध्ये बंद पडला. त्यांनी भट्ट्या पाडल्या नाहीत, त्यांच्याभोवती उद्यान केलं. चांगलं केलं. पण मला ठाण्यात कारखान्याचं स्मारक नकोय, चालू कारखाना हवाय. लहान का असेना.

गाळ्यांची वस्ती कशी चालते ते बाहेरच्याला सहसा कळत नाही. टर्निंग आमच्याकडे होतं. गिअर कापायचा तर मागच्या गल्लीत. हार्डनिंगला, म्हणजे पोलाद तापवून कडक करायला, रस्त्यापलीकडे, प्लेटिंगला आणखी पुढे. स्टीलचा बार, इन्सर्ट, कूलंट, सगळं हाकेच्या अंतरावर. एक जॉब, म्हणजे ऑर्डरचा एक भाग, दिवसभरात चार गाळे फिरून तयार होतो, बहुतेक वेळा हातगाडीवरून. यातला एक गाळा उठला तरी बाकीच्यांची चाल बिघडते. हार्डनिंगवाला गेल्या वर्षी अंबरनाथला गेला. तेव्हापासून एका दिवसाच्या कामाला तीन दिवस लागतात आणि टेम्पोचं भाडं वेगळं.

आणि हे गाळे नुसत्या बाजारभावाने उठत नाहीत, धोरणानेही उठतात. सरकारच्या आयटी धोरणाने आयटी पार्कला जादा एफएसआय दिला, म्हणजे तेवढ्याच जमिनीवर जास्त बांधकामाची परवानगी. लेथवाल्याला कुणी दिला? भूखंडाच्या मालकाच्या जागी मी असतो तर मीही हिशेब केलाच असता. म्हणून मी मालकाला दोष देत नाही. आयटी पार्कलाही नाही. माझी पुतणी तिथेच नोकरीला आहे आणि तिच्या पगाराचा मला अभिमान आहे. पण किसननगर, सावरकरनगरमधल्या आयटीआय झालेल्या पोराला तिथे कुठलं काम मिळतं? गेटवर सिक्युरिटीचं, नाहीतर हाउसकीपिंगचं. माझ्याकडे दोन वर्षं शिकलेला, मायक्रोमीटर हातात घेतला की चूक न करणारा मुलगा आता बाइकवरून पार्सलं पोचवतो. गाळ्यांचा भरवसा नाही म्हणून गेला. मला ते फार लागलं.

मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं ते आपण पाहिलंय. १९९१च्या विकास नियमावलीत एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. २००१मध्ये ती फक्त गिरणीतल्या आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीला लागू केली आणि लोकांचा वाटा आक्रसला. आणि मूळ वाटणीतही गिरणगावच्या हातांना काम करायला जागेचा वाटा नव्हताच.

म्हणून ठाण्यासाठी माझी मागणी साधी आहे. औद्योगिक भूखंडावर नवी इमारत उठेल तेव्हा तिच्या क्षेत्रफळाचा ठरावीक हिस्सा गाळ्यांसाठी राखा. तोही तळमजल्यावर, कारण पाचव्या मजल्यावर लेथ चढत नाही आणि चढवला तरी थरथरतो. थ्री फेज वीज द्या, टेम्पोला मागून रस्ता द्या. भाडं असं ठेवा की जॉबवर्कच्या दरात परवडेल. जे प्रदूषण करतं ते हलवा, माझी हरकत नाही. पण टर्निंग, मिलिंग, टूलरूम यांनी कुणाचं नाक जळत नाही. आवाज होतो, त्यासाठी भिंत जाड बांधता येते.

आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाची बैठक येत्या रविवारी सकाळी ११ वाजता आहे. तेवीस गाळेधारकांपैकी नऊ जणांना पैसे घेऊन मोकळं व्हायचंय आणि त्यांची वयं बघता ते मला समजतं. उरलेल्या चौदांना मी हेच सांगणार आहे, तळमजला सोडू नका. शेजारच्या गल्लीतल्या कुणाची अशीच बैठक असेल तर कळवा, मी येईन.