निर्णय झालाय, आता कारणं गोळा करा

बदलापूरला जागा घ्यावी की नाही, असं तुम्ही चारचौघांना विचारायला लागलात, म्हणजे तुमचं घ्यायचं ठरलेलं आहे. ज्याला घ्यायची नसते तो विचारत नाही. तो दादरला भाड्याच्या दीड खोलीत 'बघू पुढच्या वर्षी' म्हणत राहतो आणि दर अकरा महिन्यांनी घरमालकाकडे जाऊन बिनसाखरेचा चहा पितो. तुमचं तसं नाही. तुम्ही परळला भाव विचारलात, मग मुलुंडला, मग ठाण्याला, मग डोंबिवलीला, आणि असे एकेक स्टेशन पुढे सरकत असताना एका ठिकाणी बँकेने मान डोलावली. ते स्टेशन म्हणजे तुमचं आवडतं उपनगर. आता फक्त ते का आवडतं याची कारणं गोळा करायची आहेत, आणि त्या कामात मी तुम्हाला मदत करू शकतो.

पहिलं कारण सोपं आहे: गाव झपाट्याने वाढतंय. २००१ च्या जनगणनेत बदलापूर लाखाच्या आत होतं, २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेलं. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे त्यापुढचा आकडा ज्याचा त्याने ठरवायचा. एजंट एक सांगतो, रिक्षावाला त्याच्या दुप्पट, आणि दोघांनाही खोटं पाडता येत नाही. एवढी माणसं येतायत म्हणजे काहीतरी असेलच, असं तुम्ही घरी सांगा. ती माणसंही तुमच्यासारखीच मुलुंडहून सरकत सरकत आलीत, हे सांगायची गरज नाही. आणि या सगळ्यांना रोज मुंबईला नेणारे रूळ कल्याणच्या पुढे अजून दोनच आहेत, त्यावरूनच पुण्याच्या गाड्याही जातात, तिसरी-चौथी मार्गिका 'होतेय', हे तर मुळीच सांगू नका.

अंतराबद्दल कुणी विचारलं तर किलोमीटरमध्ये उत्तर द्यायचं नाही. सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर हे ऐकायला बरं वाटत नाही. 'फास्ट पकडली की झालं' असं म्हणायचं. फास्ट गाडीचा फास्टपणा कल्याणला संपतो. पुढे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ करत ती प्रत्येक स्टेशनाची विचारपूस करते. पण हे ज्याला माहीत आहे तो आधीच तिथे राहतोय, त्यामुळे तो तुम्हाला अडवणार नाही. (१६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी निघाली ती बोरीबंदरहून ठाण्याला जाऊन थांबली. चौतीस किलोमीटर. साहेबाला तेवढं पुरे वाटलं असावं. पण पुढच्याच वर्षी तोही कल्याणपर्यंत गेला, म्हणजे हा रोग जुना आहे.)

रविवारी साइट बघायला जा. रविवारीच. एजंट स्टेशनावर गाडी घेऊन येतो, एसी लावलेला असतो, पाण्याची थंडगार बाटली हातात देतो. रस्ता तोच निवडतो ज्यावर फाटक लागत नाही आणि भाजी मार्केट लागत नाही. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' हे खरंच पाच मिनिटांत होतं, तुम्ही घड्याळ लावून बघा. ते घड्याळ पुन्हा जुलैमधल्या एखाद्या मंगळवारी, संध्याकाळी सव्वाआठला, शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहून लावू नका. त्या रांगेत मागे तीन आणि ड्रायव्हरच्या शेजारी एक अर्धा, असा हिशेब चालतो, आणि रात्री उशीर झाला की शेअर संपून 'स्पेशल' सुरू होतं.

सॅम्पल फ्लॅटमध्ये शिरल्यावर बुद्धी बाहेर चपलांजवळ ठेवा. तिथे खोल्यांना दारं नसतात, कारण दार उघडलं की पलंगाला आपटतं हे दिसू नये. एक भिंत आरशाची असते, त्यामुळे हॉलही दुप्पट आणि तुमचं कुटुंबही दुप्पट. कपाट फक्त चित्रातलं. पलंग बेताच्या लांबीचा असतो आणि त्यावर सहा उशा रचलेल्या असतात, म्हणजे कुणी आडवं होऊन बघायला नको. तुमची बायको पर्समधून मेजरिंग टेप काढेल. बायका काढतात. तेव्हा एजंट हसून म्हणेल, 'मॅडम, टेप कशाला, रेरा कार्पेट आहे.' रेरा म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारा कायदा, कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतली जागा; या वाक्याला उत्तर नाही. मॅडम टेप गुंडाळून पर्समध्ये ठेवतात, आणि बाहेर आल्यावर 'सर, सोमवारपासून रेट वाढतोय, आजच टोकन टाका' हे वाक्य ऐकू येतं. सोमवार कुठला ते विचारायचं नाही.

भाव बहुधा ४४ लाख ९९ हजार असतो. हा आकडा ज्योतिषाने काढलेला नाही. ४५ लाखांच्या आत आणि ६० चौरस मीटर कार्पेटच्या आत राहिलं की बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी १ टक्का लागतो, वर गेलं की ५. अशा घराला सरकार 'परवडणारं' म्हणतं. कुणाला, ते नियमात नाही. आता हुशार माणूस म्हणेल की भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, आलेलं घर घेतलं तर जीएसटी लागतच नाही, मग तेच बघू. बघू नका. ओसी आलेल्या इमारतीत माणसं राहत असतात, ती जिन्यात भेटतात, आणि बोलतात.

कागदपत्रांचं फार मनावर घेऊ नये. महाराष्ट्रात रेरा १ मे २०१७ पासून आहे आणि ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक केलंय. तो कोपऱ्यातला काळा चौकोन मोबाइलने स्कॅन केला की प्रकल्प पुरा करायची मूळ तारीख कोणती होती, ती किती वेळा पुढे ढकलली, किती फ्लॅट विकले गेलेत, जमिनीवर कर्जाचा बोजा आहे का, कोर्टात काय चाललंय, हे सगळं फुकटात दिसतं. म्हणून तो स्कॅन करायचा नाही. तुमच्या मनात जे घर उभं राहिलंय त्याला तडा जाईल. 'रेरा नंबर आहे ना, मग झालं' हे पुरेसं आहे. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत ६५ बेकायदा इमारतींसाठी पालिकेच्या बनावट परवानग्या जोडून रेराचे नंबर मिळवले गेले होते आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या, ही बातमी तुम्ही वाचली असेल तर ती विसरा. त्या घरांतल्या लोकांचे हप्ते मात्र बँक विसरलेली नाही. त्यांनीही नंबर बघितलाच होता. पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन मंजूर नकाशा ताडून बघायला अर्ध्या दिवसाची रजा लागते, आणि रजा आपण पूजेसाठी राखून ठेवलेली असते.

मग येतं भविष्य. खरं तर तुम्ही फ्लॅट घेतच नाही, भविष्य घेता. फ्लॅट त्याच्याबरोबर येतो. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्टेशन व्हायचंय. कांजूरमार्गहून बदलापूरला मेट्रो १४ यायचीय. वडोदऱ्याहून येणारा द्रुतगती मार्ग इथल्याच डोंगरातून बोगद्याने पनवेलकडे जातो. नवी मुंबईच्या विमानतळाचं ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटनही झालं. एजंट हे सगळं एका नकाशावर लाल टिकल्यांनी दाखवतो आणि मधोमध तुमची इमारत असते, हे जग तिच्याभोवतीच रचल्यासारखं. वर्षातून किती वेळा विमानात बसता, असं तो विचारत नाही. तुम्हीही स्वतःला विचारू नका. फक्त एवढं लक्षात ठेवा की मेट्रो आल्यावर जो भाव व्हायचाय तो आजच लावलेला असतो, आणि मेट्रो आल्यावर तो पुन्हा लागेल.

पाण्याचा प्रश्न लोक उगाच काढतात. बारवी धरण इथून हाकेच्या अंतरावर आहे, उल्हास नदी गावातूनच वाहते. एवढं पाणी आजूबाजूला असताना मे महिन्यात सोसायटीच्या गेटवर टँकर का उभा असतो, असं कुणी विचारलं तर 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण सुनावा आणि विषय बदला. म्हण सुनावली की मराठी माणसाचं समाधान होतं. नदीकाठी घेत असाल तर पूररेषेचा नकाशा मागू नका. त्यात एक निळी रेषा असते, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि एक लाल, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीला मात्र वर्षं मोजता येत नाहीत. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, तेव्हा हजारावर प्रवासी बोटींतून बाहेर काढावे लागले. ब्रोशरमध्ये 'रिव्हर व्ह्यू' लिहिलेलं असतं, किती जवळून ते लिहिलेलं नसतं.

हवेचं तुमच्या आईंना सांगा. 'आई, तिथे हवा चांगली आहे हो, डोंगर दिसतो.' पावसाळ्यात हे शंभर टक्के खरं आहे. एप्रिलमध्ये समुद्राचा वारा तिथवर पोचत नाही आणि पारा चाळिशी ओलांडतो, पण एप्रिलमध्ये आईंना गावी पाठवता येईल. जांभळाचंही सांगा. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय. झाडं तुटतायत, पण मानांकन कुणी तोडू शकत नाही.

आता गाडी. बदलापूरहून सुटणारी लोकल म्हणजे सुटतानाच बसायला मिळणार, या एका विचारावर अर्ध्या लोकांनी फ्लॅट घेतलेत. पहिल्या दिवशी तुम्ही पावणेसातला प्लॅटफॉर्मवर जाल. मुंबईकडून गाडी आत येईल, तीच परत फिरणार असते, आणि तिच्या खिडक्यांतून तुम्हाला दिसतील झोपलेली माणसं. ही अंबरनाथ-उल्हासनगरची मंडळी. ती 'रिटर्न' आलेली असतात. उलट दिशेने बसून इथवर येतात, उतरत नाहीत आणि तुमच्याच गाडीने तुमच्याआधी बसून जातात. उरलेल्या जागेवर रुमाल. रुमालाला हात लावलात तर 'आमचा माणूस येतोय' असं ऐकाल. तो माणूस गाडी सुटता सुटता येतो आणि तुमच्याकडे असा बघतो की आगंतुक तुम्हीच वाटावं. तिघांच्या बाकावरची चौथी सीट मिळाली तर नशीब. तीत अर्धे तुम्ही बसता, अर्धे मधल्या वाटेत लोंबता. डोंबिवलीला जे आत शिरू बघतात त्यांच्याबद्दल पहिल्या आठवड्यात तुम्हाला वाईट वाटेल. ते आपोआप जाईल. ग्रुपमध्ये घेतलं की वर्गणी द्या, भजनात टाळ वाजवा, दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला झेंडूचं तोरण बांधा. ज्या डब्याला तोरण बांधलं त्याला शिवी देणं जड जातं.

हिशेब करायचा मोह होईल. दारापासून टेबलापर्यंत दोन तास, परतीचे दोन. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर बाराशे तास, म्हणजे अख्खे पन्नास दिवस आणि पन्नास रात्री. कॅल्क्युलेटर बंद करा. ज्या बाल्कनीसाठी तुम्ही हे सगळं केलं ती उजेडात रविवारी दिसतेच, आणि मेगाब्लॉक असला की दिवसभर दिसते.

एक गोष्ट मात्र उपरोध बाजूला ठेवून सांगतो. फ्लॅटवर सही नवरा-बायको दोघांची असते, फक्त बाईच्या नावावर घेतला की मुद्रांक शुल्कात सवलत मिळू शकते म्हणून कधी तो तिच्या एकटीच्या नावावरही असतो. पण डबे करून सहाची गाडी गाठायची म्हणून पहाटे साडेचारचा गजर लावते ती तीच. कागदावर हा गजर कुठेच येत नाही. तिला दोन महिने आधी विचारा, टोकन टाकल्यावर नको.

न जाण्याचाही मार्ग आहे, तोही सांगून ठेवतो. चाळीतच राहायचं आणि पुनर्विकासाची वाट बघायची. मुंबईतल्या जुन्या सरकारी बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फूट मिळतात, वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्यासुद्धा. चाळी शंभर वर्षांच्या झाल्या होत्या. तुमची चाळ किती वर्षांची आहे ते बघा आणि तुम्ही किती वर्षांचे आहात तेही बघा.

तर घ्याच. गृहप्रवेशाला ऑफिसातल्या सगळ्यांना बोलवा; चौघे येतील, तिघे 'लांब आहे रे' म्हणतील, आणि एक जण गॅलरीत उभा राहून हळूच भाव विचारेल. त्याला खरा आकडा सांगू नका, दोन लाख वाढवून सांगा, म्हणजे तुमची गुंतवणूक तिथल्या तिथे वाढते. वर्षभराने तोच फोन करून विचारेल, 'काय रे, बदलापूरला घेऊ का?' तोवर तुमच्या समोरच्या मोकळ्या जागेत दोन टॉवर उभे राहिलेले असतील, डोंगर गेलेला असेल आणि तुम्ही रुमाल टाकायला शिकलेले असाल. त्याला सांगायचं, 'अरे, बदलापूर आता पूर्वीचं राहिलं नाही. बाहेरची फार माणसं आली. तू वांगणी बघ, पुढचंच स्टेशन. हवा काय आहे तिथे!'