बसल्या जागी पैठणी वाचवा

हातमाग मरतोय हे ऐकून तुमचा जीव कळवळतो ना? मग मुळीच उठू नका. एका अंगठ्याने पैठणी वाचवता येते.

मुहूर्त ७ ऑगस्टचा. १९०५ साली याच दिवशी कलकत्त्यात स्वदेशीची हाक दिली गेली, म्हणून २०१५ पासून हा राष्ट्रीय हातमाग दिन. 'विणकरांना सलाम' लिहून साडीतला फोटो टाका. साडी यंत्रमागावरची असली तरी बिघडत नाही. फोटोत काठ दिसतो, माग कुठे दिसतो?

जमलं तर येवल्याला जा. खरेदीला नव्हे हो, रील काढायला! विणकर पदरावर मोर विणत असेल. मोराच्या मानेपाशी मोजून ताण्याचे (उभे) धागे उचलायचे, हिरव्या रेशमाची तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी काडी, घालायची, शेजारच्या रंगात अडकवायची, पुढची तिल्ली. ओळ भरली की ठोका. परत पहिल्यापासून. त्याला म्हणा, "काका, जरा फास्ट करा ना, तीसच सेकंद आहेत." नाही जमलं तर व्हिडिओ पळवा. दिवसाचं काम चुटकीसरशी झालेलं दिसलं, की 'एवढे पैसे कसले?' विचारायला आपण मोकळे.

तो प्रश्न मात्र कॉमेंटमध्येच, चारचौघांत विचारावा. आधी 'अप्रतिम!!', मग 'प्राइस प्लीज', आणि किंमत कळली की 'सेम डिझाइन ऑनलाइन दीड हजारात मिळतं'. विणकराच्या ज्ञानात तेवढीच भर.

तर ती 'सेम'. ॲपवर 'पैठणी' एवढंच टाका, 'प्युअर हँडलूम' म्हणवणाऱ्या, पण नक्षी यंत्राने उठवलेल्या जॅकार्डच्या साड्या रांगेने उभ्या राहतील. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालंय, हातमागाच्या कापडाची सरकारी खूण, हँडलूम मार्क, तर २००६ पासून आहे. पण खूण शोधायची म्हणजे झूम करा, डोळे बारीक करा, कोणी सांगितलंय? आणि साडी घरी आली की पदर उलटून बघायचा नाही. हातमागाच्या पैठणीची नक्षी उलट-सुलट सारखीच दिसते, नकलेच्या पाठीला सुटे धागे लोंबतात, नाहीतर कातरलेले असतात. उगाच मनस्ताप. ऑनलाइन फोटोला पाठच नसते, हा तंत्रज्ञानाचा केवढा उपकार!

शेवटी विणकराला डिजिटल करा. रोज एक रील, आठवड्याला एक लाइव्ह, हॅशटॅग वेळेवर. माग कधी चालवायचा, असं तो विचारेल. जुन्या वळणाची माणसं, मनावर घेऊ नका. (मी स्वतः त्याची तीन रील्स सेव्ह केलीत. साडी? बघू, दिवाळीनंतर.)

पुढच्या ७ ऑगस्टला पुन्हा जा. मागाला झेंडूच्या माळा असतील, समोर रिंग लाइट, काका कॅमेऱ्याकडे बघून हसत असतील. आणि मागावर तोच मोर, मानेपर्यंत आलेला.