‘आधी लोकलमध्ये उभं राहून बघा, मग क्षण जगायच्या गप्पा मारा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

नाव लिहिलेलं नाहीये तुम्ही, फक्त ‘डोंबिवलीहून’ एवढंच आहे, म्हणून दादा म्हणते, चालवून घ्या. उत्तर तिथेच खाली टाकणार होते पण लांबत गेलं म्हणून वेगळं टाकतेय.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावबद्दल लिहिलं होतं, कडेगाव तालुक्यातलं, तिथे संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो आणि घरोघरी टीव्ही मोबाईल बंद होतात, साडेआठला परत भोंगा की परत चालू. लेखाच्या शेवटी मी म्हटलं होतं की असा थोडा वेळ आपल्याही घरात हवा. त्यावर दादा चिडलेत. त्यांचं म्हणणं, सकाळी तासभर लटकत जायचं, संध्याकाळी लटकत यायचं, त्यात रील्स बघितले तर बिघडलं काय, ज्यांना विंडो सीट मिळते त्यांनाच असलं सुचतं. शिवाय भोंगा वाजवून माणसं सुधरत नसतात, ती जबरदस्ती झाली. आणि आमच्या लहानपणी अख्खी चाळ एका टीव्हीसमोर बसायची तेव्हा कुणी असे लेख पाडले नाहीत.

लोकलचं आधी घेते, कारण तिथे आपलं भांडणच नाहीये. मी ठाण्यात राहत होते तेव्हा लेडीज डब्यातून जायचे, मला चौथी सीट, म्हणजे तिघींच्या बाकावर कडेला कसंबसं टेकायची जागा, माहितीये आणि चौथी सीटसुद्धा न मिळणं माहितीये. रेल्वेवाल्यांच्या भाषेत त्या गर्दीला सुपर डेन्स क्रश लोड म्हणतात, म्हणजे एका चौरस मीटरात १४ ते १६ माणसं. आता अशा ठिकाणी कुणी मला म्हणालं ना की ‘या क्षणात राहा’, तर मी त्याला पुढच्या स्टेशनला उतरवेन. तिथे डोळ्यासमोर स्क्रीन धरून माणूस मनाने दुसरीकडे गेला तर तो त्याचा हक्कच आहे. मोबाईल नव्हते तेव्हाही लोक त्या प्रवासातून काहीतरी करून सुटायचेच, कुणी पत्ते कुटायचे, कुणी भजनं म्हणायचे, आमच्या डब्यात बायका मेथीच्या जुड्या निवडून घरी न्यायच्या आणि सासूचा विषय त्याहून बारीक निवडायच्या! तेव्हा गाडीत काय वाट्टेल ते बघा दादा, मी कोण सांगणारी.

पण तुमच्याच प्रतिक्रियेत मधेच एक वाक्य आहे, तुम्ही सहज लिहून गेलात, ‘घरी पोचल्यावरही हात आपोआप मोबाईलकडे जातो, दमलेलं असतं माणूस.’ माझा लेख त्या वाक्याबद्दल होता हो, गाडीबद्दल नव्हताच. गाडीत तुम्हाला दुसरीकडे जावंसं वाटतं म्हणून तुम्ही जाता. घरी तसं वाटत नसतं, उलट याच माणसांसाठी तर धावत घरी आलेलो असतो, तरी पण हात जातो. मला ही गोष्ट खटकते, आणि यात तुमचा किंवा माझा आळस वगैरे कमी आहे असं माझं मत आहे.

इथे चाळीतल्या टीव्हीचा मुद्दा येतो. तो टीव्ही संपायचा, हे विसरू नका. रविवारी सकाळी अख्खी चाळ एका खोलीत कोंबली जायची हे खरंय, मी पण त्यातलीच, सतरंजीवर सगळ्यात पुढे. पण मालिका संपली की संपली, पुढचा भाग पुढच्या रविवारी, मग सगळे उठून आपापल्या घरी जेवायला आणि जाताना त्याच मालिकेवर गप्पा. पेपरचंही तेच, शेवटचं पान येतं. इंटरनेटवरही आधी पानाच्या तळाशी येऊन ‘पुढचं पान’ दाबावं लागायचं, म्हणजे थांबायला एक जागा होती. ती जागा काढून टाकणारा, खाली सरकवत राहिलं की आपोआप पुढचं येत राहणारा जो प्रकार आहे तो आझा रास्किन नावाच्या डिझायनरने २००६ साली काढला, आणि पुढे त्याने स्वतःच जाहीरपणे त्याचा पश्चात्ताप बोलून दाखवला. मग आपल्याकडे २०१६ नंतर डेटा इतका स्वस्त झाला की थांबायला पैशाचंही कारण उरलं नाही, त्याआधी निदान पॅक संपायचा! आता हे सगळं बनवायला जगातली हुशार माणसं पगार घेऊन बसलीयेत आणि समोर रात्री पावणेनऊला दमून आलेले तुम्ही. तुम्ही हरणार यात नवल ते काय.

म्हणून मला तो भोंगा आवडला. तुम्हाला तो जबरदस्ती वाटतो, मला उलटं वाटतं, बघा पटतंय का. कोविडमध्ये शाळा ऑनलाईन झाली, मुलांच्या हातात आपणच मोबाईल दिले, शाळा परत भरली तेव्हा शिक्षकांच्या लक्षात आलं की मुलांना लिहावाचायचा कंटाळा यायला लागलाय, आणि घरी मोठी माणसं तरी कुठे वेगळं करत होती. मग गावात बैठक झाली, बायकांनी पाठिंबा दिला, पुरुष आधी हसले, आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून भोंगा सुरू. सरपंच विजय मोहिते यांनी पुढाकार घेतला पण पोलीस वगैरे नव्हते मागे, सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडीताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून सांगत होते. यात महत्त्वाचं हे की सगळ्यांनी एकदम बंद केलं. एकट्याने बंद करून बघा ना, अर्ध्या तासात ग्रुपवर ‘कुठे आहेस’ सुरू होतं, बायको तिचा बघत असते, मग आपण तिच्या तोंडाकडे बघत बसायचं का, आपणही घेतो हातात. एकट्याचा निश्चय दोन दिवस टिकतो. सगळ्यांचं एकदम असेल तर निश्चय लागतच नाही.

जबरदस्तीचं उदाहरण हवं असेल तर ते दुसरं आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदी केली. हेतू चांगलाच असणार, पण मला ते नाही पटलं, कारण बाप ओट्यावर बसून व्हिडिओ बघणार आणि पोराला म्हणणार तू पुस्तक वाच. वडगावात निदान बापाचाही बंद आहे.

अर्थात वडगावबद्दलही माझी एक शंका आहे, आणि आश्चर्य म्हणजे इतक्या प्रतिक्रिया आल्या पण ती कुणीच काढली नाही. सात ते साडेआठ ही भाकऱ्यांची वेळ! सगळं घर एकत्र बसलंय वगैरे आपण म्हणतो तेव्हा आई कुठे असते? तिन्हीसांजेला देवासमोर दिवा, मुलांचा परवचा, शुभंकरोति, हे सगळं आपण फार गोड आठवतो, पण त्या चित्रातही ती चुलीपाशीच होती आणि तिला कुणी विचारलं नव्हतं की तू कधी बसणार. तेव्हा जुनं ते सोनं असं मी म्हणत नाहीये हे कृपया लक्षात घ्या, दुसऱ्या एका ताईंनी तसा अर्थ काढून मला बदाम पाठवलेत.

म्हणून आमच्या घरी आम्ही वेळ बदलली. ओटा आवरून झाला की मग, साधारण साडेनऊला, सगळ्यांचे मोबाईल फ्रिजवर, अर्धा तास. रिंग मोठी ठेवलेली असते, कारण तुम्ही विचारलंय की कंपनीतून फोन आला तर काय करायचं. तर उचलायचा की! नोकरी आहे. फोन वाजला म्हणजे कुणाला तरी आपण हवे असतो, तो वेगळा प्रकार. न वाजता जो उचलला जातो तो फ्रिजवर.

आणि खरं सांगू का, त्या अर्ध्या तासात काही भारी घडत नाही. पहिले काही दिवस तर नुसता कंटाळा, सगळे घड्याळाकडे बघत. लेकीने स्कूलबसमधली भांडणं सांगितली, ती इतकी गुंतागुंतीची होती की मला अजून कळलेली नाहीत. सासरे सुपारी कातरताना स्वतःशी पुटपुटतात, आणि ते पुटपुटणं म्हणजे उद्याच्या कामांची यादी असते, हे मला इतकी वर्षं एका घरात राहून माहीत नव्हतं. एवढंच. यावर कुणी रील बनवणार नाही. पण मला ते हवंय, आणि ते मला फुरसत आहे म्हणून हवंय असं नाही, फुरसत कमी आहे म्हणून हवंय. तुमची तर माझ्याहून कमी, दिवसातले दोन अडीच तास त्या गाडीने आधीच खाल्लेत, उरलेल्यातला अर्धा तास तरी कुणाला द्यायचा ते तुम्ही ठरवा ना, त्या आपोआप सरकणाऱ्या पडद्याने कशाला ठरवायचं?

नाही पटलं तर अजून भांडा, इथेच खाली. फक्त साडेनऊनंतर लिहिलंत तर उत्तर दहानंतर मिळेल, आणि तेही बॅटरी असली तर, कारण आमच्या फ्रिजजवळ चार्जिंगचा पॉइंट नाहीये आणि त्यावरून घरात रोज कटकट सुरू आहे.